इंदिरा बी.ए., इंदिरा एम.ए.



 आज पदवी घेणाऱ्या तुम्हा विद्यार्थ्यांशी मी सुलोचना या नटीविषयी बोलणार आहे. मराठी पडद्यावरच्या आपल्या सुलोचनादीदी नव्हेत, त्यांच्याही आधीच्या, मूकपटांतल्या सुलोचनाबाई.

त्यांचं मूळ नाव रुबी मायर्स. जन्म १९०७चा, पुण्यातला, बगदादी ज्यू कुटुंबातला. त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी सिनेमात काम करण्याविषयी विचारलं, तेव्हा आधी त्यांनी नकार दिला. घरंदाज मुलीनं सिनेमात जाऊ नये, असा तो काळ. पुढे होकार दिला आणि काही वर्षांतच त्या मूकपटांच्या सम्राज्ञी झाल्या. ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’मध्ये त्यांनी एकटीनं आठ भूमिका केल्या. १९२९ साली ‘इंदिरा बी.ए.’ आला.

मग १४ मार्च १९३१ला मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला आणि पडदा बोलू लागला. चित्रपट सुलोचनाबाई तेव्हा जिथे काम करत त्याच इंपीरियल कंपनीचा, पण नायिका झुबेदा. सुलोचनाबाईंना हिंदुस्तानी सफाईनं बोलता येत नव्हतं. मूकपटात ते कुणाला कळायचं कारणच नव्हतं. आता तेवढ्यावरून कारकीर्द अडली.

जिच्या नावावर तिकिटं खपत होती, ती बाई भाषा शिकायला बसली. १९३२ साली ‘माधुरी’ या आपल्याच मूकपटाच्या बोलत्या आवृत्तीतून ती परतली. १९३४ साली बोलपट आला, ‘इंदिरा एम.ए.’.

मित्रहो, तुमच्या विषयातही असा एखादा दिवस उजाडेल. आज जे उत्तम येतं, त्याचा भाव त्या दिवशी उतरेल आणि जे शिकायचं राहून गेलं, तेच सगळे मागू लागतील. त्या वेळी हाताशी असलेल्या पदवीचा मान आड येऊ देऊ नका. आपल्याहून लहान माणसासमोर वही उघडून बसायला लाजू नका.

पण शिकलं की सिंहासन कायमचं राहतं, असं खोटं आश्वासन मी देणार नाही. १९२८च्या मूक ‘अनारकली’त आणि १९३५च्या बोलत्या ‘अनारकली’त सुलोचनाबाई नायिका होत्या. १९५३च्या ‘अनारकली’त नायिका बीना राय, आणि सुलोचनाबाई सलीमची आई! ज्या कथेत आपण दोनदा राज्य केलं, तिच्यातच बाजूला उभं राहायला मोठं मन लागतं. त्या छोट्या भूमिका करत राहिल्या. १९७३चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. १९८३ साली त्या गेल्या.

पहिल्या रांगेत असताना शिकत राहा आणि मागच्या रांगेत गेलात तरी काम चोख करा.