मागे न हटण्याचा कायदा



मी वकील नव्हे. पण कारखान्याच्या फाटकावर हाणामारी झाली की दोन्ही बाजू चौकीत धावतात आणि दोघेही सांगतात, "आधी हात त्याने उचलला." तीस वर्षे मी हे ऐकत आलो आहे. तिथे निदान दोघेही जिवंत असतात.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने २००५ साली कायदा केला. जिथे असण्याचा तुम्हांला हक्क आहे, तिथे जिवावर बेतल्याची रास्त भीती वाटली, तर निसटायला वाट असूनही मागे हटण्याचे बंधन नाही. खुशाल प्राणघातक बळ वापरा!

२६ फेब्रुवारी २०१२ रोजी सॅनफर्ड गावी ट्रेव्हॉन मार्टिन हा सतरा वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलगा दुकानातून परतत होता. वस्तीवर पहारा करणारा एक स्वयंसेवक पिस्तूल बाळगून त्याच्या मागे निघाला. त्याची काही गरज नाही, असे पोलिसांच्या दूरध्वनीवरून त्याला सांगण्यात आले होते. झटापट झाली, गोळी सुटली, मुलगा मेला. स्वसंरक्षणाचा बचाव ज्यूरीने २०१३ साली मान्य केला. मागे हटण्याचे बंधन नाही, हे ज्यूरीला दिलेल्या सूचनांतच होते.

पण मंडळी, रात्री अनोळखी माणूस पाठीशी लागला, तर त्या मुलालाही मागे न हटण्याचा तोच हक्क नव्हता काय? हक्क दोघांचा, आणि कैफियत फक्त वाचलेल्याची!

आपला कायदा निराळा आहे. सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला अवसर असेल, तर तो स्वसंरक्षणाचा हक्कच देत नाही. फ्लोरिडाने मात्र २०१७ साली, खटल्याआधीच्या सुनावणीत आरोपीचा हा दावा खोडण्याचा भारही सरकारपक्षावर टाकला.