गाडीची किंमत उतरते, खर्च उतरत नाही

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या बचत गटांचं काम बघते, त्यामुळे महिन्याला वीस-बावीस बैठकांना माझं बसणं होतं. कर्ज कशासाठी, या रकान्यात म्हैस, शिलाई मशीन, मुलीची फी, बोअरची मोटर असं लिहिलेलं असतं. गेल्या दोन वर्षांत त्या रकान्यात न लिहिलेलं एक कारण मला वारंवार कानावर येतंय. दारात उभी असलेली जुनी महागडी गाडी. आज तिच्या खर्चाबद्दल बोलायचंय. गाडी पोरांची, मग बोलणं बायकांचं कशाला, असं कोणी म्हणेल. पण गटाच्या कर्जावर सही बाईची असते आणि हप्ता चुकला तर बाकीच्या अकराजणी तिच्याच दारात जातात.

या गाड्या आपल्याकडे काही आभाळातून पडल्या नाहीत. १९९५ पासून मर्सिडीजची जुळणी पुण्यातच, टेल्कोच्या आवारात सुरू झाली आणि २००९ मध्ये त्यांचा कारखाना चाकणला आला. शिक्रापूरवरून चाकण ते किती लांब! रांजणगावला एमआयडीसी आली, कुरकुंभला आली, जमिनींचे पैसे आले, ऊस होताच. कोणी पोरांना बोललं की ती औरंगाबादचं उदाहरण देतात. ते उदाहरण खरं आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या लोकांनी एकत्र येऊन एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. स्टेट बँकेनं त्यांना ७ टक्क्यांनी कर्ज दिलं. मला त्यातलं एकत्र येऊन भाव आणि व्याज पाडून घेणं फार आवडतं, आपण गटात दुसरं काय करतो? पण त्या गाड्या नव्या कोऱ्या होत्या आणि घेणारे बरेचसे उद्योजक, डॉक्टर, बांधकाम व्यावसायिक होते. त्याच गाड्या २०२५ मध्ये पंधरा वर्षांच्या झाल्या. पंधरा वर्षांची गाडी चार-पाच लाखांत मिळते म्हणून घेणं, ही गोष्टच वेगळी.

दिल्लीकडूनही गाड्या येतात. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई करणारे आदेश हरित लवादानं २०१५ च्या सुमारास दिले, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते उचलून धरले. मग तिकडचे मालक मिळेल त्या भावात काढून टाकतात. मोबाइलवर फोटो बघून पोरांचे डोळे दिपतात. दलाल एवढंच सांगत नाही की तिकडचा ना हरकत दाखला लागतो, बारा महिन्यांत इकडचा नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो. हा टॅक्स गाडीच्या मूळ किमतीवरून काढतात, मग वयाप्रमाणे कमी करतात. तुम्ही चार लाखांना घेतली म्हणून चार लाखांवर नाही.

सगळा घोळ इथेच आहे. चाळीस लाखांची गाडी पंधरा वर्षांनी चार लाखांची होते, पण तिचा ब्रेक, तिचा गिअरबॉक्स, तिचा एसी हे चाळीस लाखांच्या गाडीचेच राहतात. छोट्या गाडीच्या इंजिनात तीन-साडेतीन लिटर ऑइल बसतं, या गाड्यांत सहा ते आठ लिटर, तेही ठरावीक प्रकारचं. काही गाड्यांत स्टेपनीच नसते, पंक्चर झालं तरी थोडं अंतर चालतील असे जाड टायर असतात आणि त्यांचा भाव ऐकून माणूस खाली बसतो. विम्याचंही तसंच. गाडी जुनी झाली की चोरीला गेल्यावर मिळणारी रक्कम घटते, पण सक्तीचा थर्ड पार्टी हप्ता वय बघत नाही, इंजिन बघतो. २०२२ च्या दरानं हजार सीसीच्या आतल्या गाडीला वर्षाला २,०९४ रुपये आणि दीड हजार सीसीच्या वरच्या गाडीला ७,८९७. पंधरा वर्षांनी नोंदणी नव्यानं करायची तर पूर्वी ६०० रुपयांत व्हायची, १ एप्रिल २०२२ पासून ५,००० लागतात, परदेशातून तयार आलेली गाडी असेल तर ४०,०००. पर्यावरण कर निराळा.

आता एका घरचा हिशोब सांगते. त्या ताईनंच मला परवानगी दिली आहे, पण नाव-गाव सांगणार नाही. गाडीचं नावही नको. तिच्या मुलानं साडेचार लाखांना २००९ सालची काळी गाडी आणली. आणली त्या दिवशी पेढे वाटले. ताई मला म्हणाली, “एसीत बसून रांजणगावच्या गणपतीला गेले, खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.” बरं वाटणारच. आयुष्यभर एसटीनं आणि टेम्पोत उभं राहून प्रवास केलेल्या बाईला ते बरं वाटलं, यात मला हसण्यासारखं काही दिसत नाही.

पुढच्या चौदा महिन्यांच्या पावत्या तिनं पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवल्या. चार टायर ६८,०००. बॅटरी १६,०००. पुढच्या चाकांची खालची कामं, ती म्हणाली ‘हात का काय ते’, ५४,०००. गाडी गिअर टाकेना म्हणून गिअरबॉक्सचं ऑइल आणि आतली इलेक्ट्रॉनिक प्लेट, १,१०,०००. एसीचा कॉम्प्रेसर ४८,०००. विमा २४,०००. आणि वायरिंग २२,०००, कारण गाडी उसाच्या कडेच्या शेडमध्ये उभी असायची आणि उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या वायरीही उंदीर खातात, पण त्या गावातला वायरमन शंभर-दोनशेत जोडून देतो. इथे आधी कॉम्प्युटर लावून बघायचे पैसे, मग जोडायचे.

बेरीज ३,४२,००० झाली. महिन्याला साधारण २४,४०० रुपये. तिच्या गटात बाराजणी आहेत, प्रत्येकी महिना दोनशे बचत. म्हणजे सगळ्या गटानं दहा महिने साठवलेले पैसे ती गाडी एका महिन्यात खात होती. हे गणित मी बैठकीत फळ्यावर मांडलं तेव्हा बराच वेळ कोणी बोललं नाही. त्या चौदा महिन्यांत गाडी सहा हजार किलोमीटर चालली होती. किलोमीटरला सत्तावन्न रुपये पडले, डिझेल सोडून.

आणि गाडी अजून नीट झालेली नव्हतीच. ‘एकदा पूर्ण करून घेतली की दहा वर्षं बघायला नको,’ असं मुलगा म्हणायचा. हे वाक्य मी चार घरांत ऐकलंय. नवे पार्ट परवडले नाहीत की मग पुण्याचा जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार. तिथे भंगारात निघालेल्या गाड्यांचे पार्ट मिळतात, कधी चांगले मिळतातही. पण बऱ्याच इलेक्ट्रॉनिक वस्तू गाडीला जोडल्यावर कॉम्प्युटरनं ओळख करून द्यावी लागते, नाहीतर गाडी त्यांना घरात घेत नाही. आमच्या लहानपणी बागायतदाराच्या दारात प्रीमियर पद्मिनी असायची. दौंडच्या स्टेशनजवळचा कुठलाही फिटर पाना घेऊन यायचा आणि संध्याकाळपर्यंत चालू करून जायचा. ती जुनी गाडी आणि ही जुनी गाडी, दोन्हींना एकच शब्द लावतो म्हणून फसगत होते.

दुसरा आधार म्हणजे ‘ठेवली तर किंमत वाढेल, व्हिंटेज होईल’. व्हिंटेजचा नियम २०२१ मध्ये झाला. गाडी पन्नास वर्षांच्या पुढची लागते, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये आणि ती रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन किंवा रॅलीपुरतीच रस्त्यावर आणायची. २००९ ची गाडी २०५९ ला पन्नास वर्षांची होईल. तोवर सांभाळायला कोण आहे?

तिसरा आधार लग्नाचा. नवरदेवाच्या गाडीला फुलं लावून भाड्यानं देऊ, हप्ता निघेल. मैत्रिणींनो, पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं देता येत नाही, त्याला परवाना आणि पिवळी पाटी लागते. भाड्यावर असताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. मामाच्या लग्नाला फुकट नेली तर कोणाची हरकत नाही, पण त्यानं हप्ता निघत नाही.

तर गटात काय झालं. ताईनं चाळीस हजारांची मागणी केली होती, म्हशीसाठी म्हणून. आक्का म्हणजे गटातल्या सगळ्यात मोठ्या. त्यांनी सरळ विचारलं, “म्हैस कुठली बघितलीस?” ताई गप्प. मग पावत्यांची पिशवी निघाली. दोघीजणी म्हणाल्या, द्या की, तिची नड आहे. कोषाध्यक्ष म्हणाली, गाडीला दिले तर पुढच्या महिन्यात दुसरीचा पोरगा गाडी आणेल. मला दोन्ही बाजू पटत होत्या, तरी मी कोषाध्यक्षेच्या बाजूनं बोलले. शेवटी ठरलं की म्हशीला कर्ज द्यायचं, पण बाजारात दोघींनी सोबत जायचं आणि पैसे थेट विकणाऱ्याच्या हातात द्यायचे. ताई रागावली नाही. मुलगा रागावला, आठ दिवस आईशी बोलला नाही.

मुलाशीही बोलले. त्याला गाड्यांतलं कळतं, हात चांगला आहे, उगाच हिणवण्यात अर्थ नाही. त्याला एवढंच म्हटलं की पुढची कुठलीही जुनी गाडी घेण्याआधी ती लिफ्टवर चढवून, कॉम्प्युटर लावून, गॅरेजवाल्याकडून येणाऱ्या कामांचा अंदाज लिहून घे. आणि गाडीच्या किमतीच्या निम्मी रक्कम वेगळी शिल्लक नसेल तर गाडीला हात लावू नकोस. निम्मी हा माझा अंदाज आहे, तुमच्याकडे कोणाचा वेगळा असेल. दुसऱ्या एका घरात मी पाहिलंय, तिथे मालक स्वतः काम करतो, वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर चालवतो, दुसरी छोटी गाडी रोजच्या वापराला आहे. तिथे जुनी गाडी छान नांदतेय.

म्हैस आली, तिसऱ्या वेताची आहे. गाडी अजून शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. मागच्या आठवड्यात पुण्याचा दलाल दीड लाख म्हणाला, मुलगा दोनवर अडून बसलाय. ताईला मी सांगून ठेवलंय, सौदा झाला की फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन आरटीओत नाव उतरवल्याशिवाय चावी द्यायची नाही. नाव तसंच राहिलं तर उद्या कुठे अपघात झाला तरी नोटीस तिच्याच दारात येईल.