पायीं चालणाऱ्यांची गणना

(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत वाचलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं थोर स्त्रियांचें स्मरण करण्याची आपली चाल आहे. शिक्षिका, परिचारिका, धर्मभगिनी ह्यांचीं नांवें अशा वेळीं सहज ओठांवर येतात, आणि तें योग्यच आहे. आज आम्ही ज्या विदुषीविषयीं चार शब्द बोलूं इच्छितों त्यांचें कार्यक्षेत्र मात्र जरा निराळें, म्हणजे रस्ता हें आहे. माणसांनीं कसें जावें-यावें, कोणाला किती वाट मिळावी, ह्याचा आधीं विचार करून ठेवण्याच्या शास्त्राला वाहतूक-नियोजन म्हणतात. ह्या शास्त्रांत आपल्या देशांत ज्या स्त्रियांनीं मोलाची भर घातली, त्यांत प्राध्यापिका गीतम तिवारी ह्यांचें नांव अग्रगण्य आहे.

त्यांनीं प्रथम रुडकी येथें वास्तुकलेचें शिक्षण घेतलें. पुढें अमेरिकेंत शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठांत नगररचना व वाहतूक-नियोजन ह्या विषयांचा अभ्यास करून त्यांनीं डॉक्टरची पदवी मिळविली. नंतर स्वदेशीं परतून दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत त्यांनीं अध्यापन व संशोधन आरंभिलें. तेथें रस्त्यांवरील अपघात टाळण्याच्या विद्येचे आद्य उपासक प्राध्यापक दिनेश मोहन, जे २०२१ सालीं निवर्तले, ह्यांच्या सहवासांत त्यांनीं अनेक वर्षें काम केलें.

आतां त्यांनीं नवें असें काय सांगितलें, तें पाहूं. रहदारीची मोजदाद करावयाची झाल्यास नाक्यावर माणसें बसवावयाचीं, तासाभरांत किती वाहनें गेलीं तें टिपावयाचें, आणि त्या संख्येवरून रस्त्याची रुंदी ठरवावयाची, अशी पूर्वापार रीत. ह्या हिशेबाचें माप म्हणजे मोटार. साठ माणसांनीं भरलेली बस ह्या मापानें सुमारें तीन मोटारींइतकी भरते, सायकल मोटारीचा लहानसा अंश ठरते, आणि डोक्यावर पाटी घेऊन चालणारी बाई तर हिशेबांत येतच नाहीं. ज्याची गणना नाहीं त्याला जागाही नाहीं. म्हणून रस्ता रुंद होतो तेव्हां पदपथ अरुंद होतो, आणि त्यांत कोणाला कांहीं वावगें वाटत नाहीं. ह्याच्या उलट, वाहनें मोजूं नका, माणसें मोजा, हा विचार प्राध्यापिका तिवारी ह्यांनीं आपल्या कार्याचा पाया केला.

हा विचार केवळ दयेचा नव्हता, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. त्यांनीं दिल्लीच्या रस्त्यांचें बारकाईनें निरीक्षण केलें. सायकलस्वारासाठीं वेगळी वाट नसली तरी तो नाहींसा होत नाहीं; पोट त्याला बाहेर काढतेंच. मग तो डाव्या कडेनें जातो. थांब्यावर येणाऱ्या बसला कडेला जागा न मिळाल्यामुळें ती दुसऱ्या रांगेंत उभी राहते, आणि तिच्या मागें सर्व मोटारी खोळंबतात. म्हणजे गरिबाला दोन हात वाट नाकारल्यानें श्रीमंताचीही वाट अडते. सायकलींना स्वतंत्र मार्ग द्या, म्हणजे त्यांचे प्राण वांचतील आणि मोटारींनाही मोकळीक मिळेल, असें त्यांनीं मांडलें. न्याय आणि सोय ह्या दोहोंची अशी सांगड घालून दाखविणें, ह्यांतच खऱ्या नियोजनकाराचें कसब आहे.

फेरीवाल्यांविषयींही त्यांची दृष्टि अशीच स्वतंत्र. २००० सालीं लिहिलेल्या एका लेखांत त्यांनीं असा प्रश्न केला कीं, ह्यांना अतिक्रमण करणारे म्हणावें कीं सेवा पुरविणारे? जेथें पायीं जाणारे व बसची वाट पाहणारे लोक असतात, तेथेंच चहावाला, फळवाला व सायकल दुरुस्त करणारा येऊन बसतो, कारण तेथें त्याची गरज असते. तेव्हां रस्त्याच्या आराखड्यांतच त्याला नेमकी जागा आंखून द्यावी, म्हणजे पदपथही मोकळा राहील, असा त्यांचा अभिप्राय. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण देणारा कायदा आपल्या देशांत २०१४ सालीं झाला.

ह्या सर्व विचारांची कसोटी पाहणारा प्रसंग दिल्लींत आला. आंबेडकर नगरपासून दिल्ली गेटपर्यंत सुमारें १४.५ किलोमीटरचा बी.आर.टी. मार्ग, म्हणजे बसगाड्यांसाठीं राखून ठेवलेली वाट, बांधण्याचें ठरलें. त्याची संकल्पना त्यांच्या संस्थेंतील अभ्यासगटाची होती. डावीकडे सायकली, रिक्षा व वळणारीं वाहनें ह्यांची गर्दी असते, म्हणून बसची वाट रस्त्याच्या मधोमध ठेवली. उतारूंना सिग्नलवर रस्ता ओलांडतां यावा म्हणून थांबे चौकांजवळ आणले. कडेला सायकलींचा मार्ग व त्याच्या बाजूला पदपथ दिला. २००८ सालच्या एप्रिल महिन्यांत मूलचंदपर्यंतचा ५.८ किलोमीटरचा पहिला भाग खुला झाला.

आणि केवढा गहजब उडाला! बसमधील उतारू लवकर पोहोंचूं लागले. परंतु मोटारींना, विशेषतः चिराग दिल्लीच्या चौकांत, फार वेळ ताटकळावें लागलें. वृत्तपत्रांनीं टीकेची झोड उठविली. योजनेंत उणिवा होत्या, हें आम्ही नाकारीत नाहीं. मार्गाचा अल्प भागच बांधला गेला, शिस्त राखण्याची व्यवस्था अपुरी पडली, आणि सायकलींच्या वाटेवर मोटारसायकली सर्रास घुसल्या. प्रकरण शेवटीं दिल्ली उच्च न्यायालयांत गेलें. मोटारींतून जाणारे लोक संपत्ति निर्माण करणारे आहेत व त्यांचा वेळ फुकट जातो, अशाही प्रकारचा युक्तिवाद तेथें करण्यांत आला. बंधूंनो, ह्या युक्तिवादाचा क्षणभर विचार करा. पहाटे उठून दूध घालणारा, इमारतीवर विटा वाहणारी मजूर स्त्री, रुग्णालयांत रात्रपाळी करणारी परिचारिका, हीं काय संपत्ति निर्माण करीत नाहींत? न्यायालयानें १८ ऑक्टोबर २०१२ रोजीं तो अर्ज फेटाळला व बसची वाट बससाठींच राखण्याच्या तत्त्वाला उचलून धरलें.

तथापि न्यायालयांत जें टिकलें तें लोकमतांत टिकलें नाहीं. २०१५ सालीं राज्य सरकारनें तो मार्ग काढून टाकण्याचा निर्णय घेतला, आणि २०१६ सालीं तो उखडण्यांत आला. अनेक वर्षांच्या अभ्यासाचें फळ यंत्रांखालीं मोडून पडलें. अशा प्रसंगीं अभ्यासकाच्या मनाची काय अवस्था होत असेल, ह्याची कल्पना ज्यांनीं एखादी संस्था उभारण्यासाठीं आयुष्य वेंचलें आहे त्यांना सहज येईल.

मग हें सारें कार्य व्यर्थ गेलें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. रस्ते वाहनांसाठीं नसून माणसांसाठीं आहेत, हें तत्त्व भारत सरकारनें २००६ सालच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणांत स्वीकारलें. त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्या पुण्यांत कात्रज, स्वारगेट व हडपसर ह्या मार्गावर बसच्या राखीव वाटेचा प्रयोग सुरू झाला, आणि अहमदाबादेंत २००९ सालीं बसचा असाच मार्ग खुला झाला. बांधलेला रस्ता उखडतां येतो. एकदां विचारलेला प्रश्न उखडतां येत नाहीं. प्राध्यापिका तिवारी ह्यांनीं आपलें संशोधन थांबविलें नाहीं, आणि त्यांच्या हाताखालीं शिकलेल्या विद्यार्थ्यांनीं तोच प्रश्न पुढें नेला.

आणि तो प्रश्न जिवाचा आहे. सरकारी नोंदीप्रमाणें २०२२ ह्या एका वर्षांत भारतांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांत पायीं चालणारीं ३२,८२५ होतीं. प्राध्यापिका तिवारी व त्यांचे सहकारी ह्यांच्या अभ्यासाप्रमाणें पादचाऱ्यांचा खरा वांटा नोंदींतल्यापेक्षां बराच अधिक आहे. पाहा, जिवंतपणीं ज्यांची गणना होत नाहीं, मरणानंतरही त्यांची गणना पुरी होत नाहीं!

भगिनींनो, तुम्हांला आम्ही विशेष विनंती करतों. मुलाला शाळेंत पोहोंचविणें, बाजार करणें, आजाऱ्याला दवाखान्यांत नेणें, हीं कामें बहुधा तुमच्याच वांट्याला येतात, आणि तीं बहुधा पायीं किंवा बसनेंच होतात. म्हणून रस्ता कसा असावा हें सांगण्याचा तुमचा अधिकार मोठा आहे. आपल्या मुलींपैकीं कोणाला गणिताची व नकाशांची आवड असेल, तर हें क्षेत्र तिला खुलें आहे हें तिला सांगा. आणि गांवांत रस्त्याच्या रुंदीकरणाची गोष्ट निघेल तेव्हां सर्वांनीं मिळून एवढेंच विचारा: ह्या वाटेनें रोज पायीं किती माणसें जातात, तीं तुम्हीं मोजलीं आहेत काय? एका विदुषीनें आयुष्यभर विचारलेला हा साधा प्रश्न आपल्या तोंडीं आला, तर तिच्या श्रमांचा तोच खरा गौरव होईल.