पोर बीमवरून पडते तेव्हा

आमच्या गटातल्या एका ताईंची अकरा वर्षांची मुलगी तालुक्याला जिम्नॅस्टिक्स शिकते. दोन महिने झाले, बीमवर चढली की पडते. ताई म्हणाल्या, "बंदच करावं म्हणते." म्हणून आज हा विषय.

बीम म्हणजे ५ मीटर लांब आणि फक्त १० सेंटीमीटर रुंद पट्टी. अर्धी वीतच म्हणा. स्पर्धेत ती सव्वा मीटर उंचीवर असते. पोरीला त्यावर चालायचं, उड्या मारायच्या, कोलांटी घ्यायची.

या वयात पोरी भराभर उंच होतात. हातपाय लांबतात, वजन वाढतं, कालपर्यंत जमणारा तोल आज जमत नाही. त्यात एकदा जोरात पडली की मनात भीती बसते. भीतीने अंग आखडतं, नजर पायाकडे जाते, आणि ती परत पडते. याला आळस म्हणू नका.

अशा वेळी मागे यायचं. आधी जमिनीवर खडूची रेघ, मग जमिनीलगतचा बुटका बीम, मग दोन्ही बाजूंना जाड गाद्या लावून थोडी उंची. नजर बीमच्या टोकावर, गुडघे किंचित सैल, पोट आत. तोल जातोय असं वाटलं की हात झाडण्यापेक्षा गुडघे वाकवून खाली बसकं व्हायचं. आधार द्यायचा तर तो मॅडमनी, कमरेजवळ हात ठेवून. घरी अंगणात रेघेवर चालायला हरकत नाही, पण विटांवर फळी ठेवून उड्या मारू देऊ नका.

अमेरिकेची सिमोन बाइल्स माहीत असेल. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला हवेत गिरकी घेताना तिला आपलं अंग कुठे आहे, हेच कळेना. बहुतेक स्पर्धांतून तिने माघार घेतली. मग बीमवर परतली ती उतरतानाची गिरकी काढून, सोपी उडी घेऊन. कांस्यपदक मिळालं! एवढी मोठी खेळाडू अवघड उडी बाजूला ठेवते, तर आपल्या पोरीने बुटक्या बीमवर यायला कसली लाज?

सराव बघायला गेलात तर कडेला गप्प बसा. "सांभाळ गं!" अशी हाक ऐकून तिची मान वळते, आणि मान वळली की तोल गेलाच. जाड झालीस म्हणून भाकरी कमी करू नका. वाढत्या अंगाला भाकरी, डाळ, दूध, शेंगदाणे, खात असाल तर अंडं, सगळं लागतं. पडल्यावर डोकं, मान किंवा पाठ दुखत असेल तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा.

आणि पाळी सुरू झाली म्हणून तिला घरी बसवू नका. पोटात दुखत असेल त्या दिवशी विश्रांती, एरवी सराव चालतो. फक्त मॅडमना एकदा सांगून ठेवा. कपडे बदलायला आडोसा आहे का, हेही त्याच फेरीत बघून या. नसेल तर दोघी-चौघी आया मिळून मागा.