एकीचे शिक्षण, दुसरीची वाट

(अलोरे, ता. चिपळूण येथे माता-पालक व विद्यार्थिनींसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या अलोरे गावाला वीज कशी तयार होते, हे सांगावे लागत नाही. पोफळीच्या वीजगृहात राबलेले कोयनेचे पाणी वाया जात नाही. ते कोळकेवाडीच्या धरणात अडवले जाते आणि १९७०च्या दशकात येथे उभ्या राहिलेल्या वीजगृहात तेच पाणी पुन्हा वीज देते. एका टप्प्यावरचे सामर्थ्य पुढच्या टप्प्याच्या कामी यावे, हीच रीत स्त्रीशिक्षणाची आहे. रत्नागिरी जिल्ह्याचा इतिहास त्याला साक्ष आहे.

देवरुखच्या जोशी घराण्यातील गोदूबाई या बालविधवा. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केले, तेव्हा तेथे दाखल झालेल्या त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. १८९३ मध्ये मुरूडच्या धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. समाजाने बहिष्कार घातला, तरी हे दांपत्य डगमगले नाही. गोदूबाईंच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले विसाव्या वर्षी विधवा झाल्या. पदरी लहान मुलगा होता. वयाच्या सव्विसाव्या वर्षी, बहीण आणि मेहुणे यांच्या आधाराने, त्यांनी शिक्षणास आरंभ केला.

पार्वतीबाई केवळ शिकून थांबल्या नाहीत. कर्व्यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेल्या आश्रमासाठी त्या गावोगाव फिरल्या, व्याख्याने दिली, निधी जमवला. १९१८ मध्ये, इंग्रजीचे ज्ञान तोकडे असतानाही, त्या अमेरिकेला गेल्या. तेथे परक्यांच्या घरी घरकाम करून त्यांनी निर्वाह केला आणि संस्थेचे कार्य लोकांपुढे मांडले. एका बहिणीला मिळालेला हात दुसरीपर्यंत पोचला आणि दुसरीचे हात हिंगण्याच्या असंख्य मुलींपर्यंत पोचले.

आज परिस्थिती पालटली आहे. मुलीचे लग्न अठरा वर्षांपूर्वी करणे हा २००६ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल व मागास घटकांच्या मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णतः माफ केले. परंतु सवलत जाहीर होणे आणि ती घरापर्यंत पोचणे यांत अंतर असते. उत्पन्नाचा दाखला कोठे मिळतो? अर्जाची मुदत कधी संपते? परगावी वसतिगृह मिळेल का? घरात पहिलीच मुलगी बारावीपर्यंत पोचली असेल, तर हे तिला सांगणार कोण? शुल्क शासन माफ करील. सोबत मात्र समाजानेच द्यावी लागेल.

म्हणून शिकलेल्या प्रत्येक भगिनीने गावातील चार-पाच मुलींची ताई व्हावे. आठवड्यातून एक तास पुरेसा आहे. त्या तासात अभ्यासाबरोबर आरोग्याचे बोलावे, पैशाचा हिशेब शिकवावा, बँकेचा व्यवहार दाखवावा, वाटेत कोणी त्रास देत असेल तर तो निर्भयपणे सांगण्याची सवय लावावी. संकटात १०९८ या मदतवाहिनीचा क्रमांक प्रत्येकीला पाठ असावा. मात्र ताईने उपदेशाचा सूर टाळावा. मुलीचे आधी ऐकावे, मग मार्ग सुचवावा. निर्णय तिचा तिला घेऊ द्यावा. आधार देता देता तिला परावलंबी केले, तर सारे व्यर्थ.

पालकांनीही एक ध्यानात घ्यावे. मुलगी शिकली म्हणजे घराला दुरावली, ही भीती निराधार आहे. पार्वतीबाई सातासमुद्रापार गेल्या त्या आपल्या संस्थेसाठीच.

आणि विद्यार्थिनींनो, आज जी ताई तुमच्या पाठीशी उभी आहे, तिचे ऋण तिला परत करता येणार नाही. ते फेडायचे असते पुढच्या मुलीपाशी. कोळकेवाडीचे पाणी दुसऱ्यांदा वीज देते, तेव्हा ते पहिल्यापेक्षा उणे ठरत नाही.