प्रवासवर्णन आणि आपले सुख
(मंडळाच्या ग्रंथालयात दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



प्रवासवर्णन वाचून वाचकाला काय लाभते, हा आजचा विषय. घरबसल्या परमुलूख पाहावयास मिळतो, असे उत्तर सामान्यतः दिले जाते. १९६० साली पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ पुस्तकरूपाने आली, तेव्हा विलायतेचा प्रवास मराठी मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेरचा होता. वाचकांनी तो त्या पानांतूनच केला. तेही सुख खरेच. परंतु आम्हांस आज बोलावयाचे आहे ते त्याच लेखकाच्या, १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वंगचित्रे’विषयी. या पुस्तकातले सुख वाचकाला स्वतः मिळविता येते.

पु. लं.चा जन्म १९१९ चा. लेखक, नट, गायनाचे जाणकार म्हणून महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले होते. अशा माणसाने पन्नाशी गाठल्यावर बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनात जाऊन राहावे, ही साधी गोष्ट नव्हे. त्यांना ना परीक्षा द्यावयाची होती, ना बढती मिळवावयाची होती. रवींद्रनाथ मुळातून वाचावेत, बंगाल जवळून पाहावा, एवढीच ओढ.

मित्रहो, या कोलकात्यात आपण बहुतेक सारे बदलीच्या हुकमाने आलो. बदलीवरच्या माणसाचे मन मोठे चमत्कारिक असते. पेट्या पुरत्या उघडावयाच्या नाहीत, शेजाऱ्यांशी कामापुरते हिंदी बोलावयाचे, आणि वाचन, गाणे, हिंडणे, सारे निवृत्तीनंतर पुण्याच्या घरी! केंद्र सरकारच्या नोकरीत आम्ही अशी कितीतरी घरे पाहिली. काही सहकारी निवृत्तीच्या तोंडाशीच गेले आणि त्यांच्या पेट्या तशाच बांधलेल्या परत गेल्या.

‘वंगचित्रे’ आपल्याला हलविते ते नेमके येथे. त्यात लेखक जाणता म्हणून मिरवत नाही. तो विद्यार्थी होतो आणि त्यातच रमतो. वाचकाला वाटते, हे तर आपल्यालाही जमेल. आणि आपल्याला तर त्यासाठी तिकीटही काढावे लागत नाही!

ते पुस्तक वाचल्यावर आम्ही कॉलेज स्ट्रीटवरून विद्यासागरांचे, १८५५ साली प्रथम निघालेले ‘वर्णपरिचय’ आणले. रोज सायंकाळी अर्धा तास घरातील लहानथोर अक्षरे गिरवू लागले. संस्कृतातून आलेले शब्द ओळखीचे निघाले. अडले ते उच्चारांपाशी. ‘लक्ष्मी’ची ‘लोक्खी’ होते आणि पाणी पितात ते ‘खातात’, हे कळल्यावर घरात हसू मावेना. शेजारच्या माशीमांनी आमचे उच्चार सुधारण्याचे काम आपणहून पत्करले. तेव्हापासून पौष संक्रांतीला त्यांच्याकडून पाटिशापटा येतो आणि आमच्याकडून तिळगूळ जातो. ज्या शहरात आम्ही दिवस मोजीत होतो, तेथे आता दिवस पुरत नाहीत.

परभाषेत रमल्याने मराठीपण उणावेल, अशी शंका कोणी घेईल. सखाराम गणेश देउस्करांचे स्मरण करावे. मराठी घराण्यातील या पुरुषाने १९०४ साली ‘देशेर कथा’ हा ग्रंथ बंगालीत लिहिला. तो इतका गाजला, की १९१० साली इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. शिवरायांची थोरवी बंगाली वाचकांना सांगणारेही देउस्करच. दुसऱ्याची भाषा आली, म्हणूनच आपले त्यांना देता आले.

आपल्या मंडळानेही आता पन्नाशी गाठली आहे. पु. लं.नी याच वयाच्या सुमारास नव्या भाषेची मुळाक्षरे हाती घेतली. ‘वंगचित्रे’ची प्रत आपल्या ग्रंथालयात आहे, ती अवश्य न्यावी. आणि रविवारी सकाळी येथेच बंगालीचा वर्ग सुरू करावा, अशी कार्यकारिणीस आमची विनंती आहे. पहिल्या बाकावर आम्ही सहकुटुंब येऊन बसू.