जेडची पारख



बंगळुरूच्या चिकपेठेतील एखाद्या सराफी पेढीवर एक वृद्ध गृहस्थ आपल्या दिवंगत पत्नीची हिरवी बांगडी घेऊन आले आहेत, अशी कल्पना करावी. ती तिच्या आजोबांनी रंगूनहून आणली, असे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. बांगडी विकावयाची नाही. परंतु दोन मुलींत वाटणी करावयाची असल्यामुळे तिचे मोल कळावयास हवे. पेढीवरचा कारागीर बांगडी हाती घेतो आणि दुसऱ्या हाताने पोलादी चाकू उचलतो. ओरखडा उमटला तर दगड खोटा, न उमटला तर खरा, एवढेच शास्त्र त्याला ठाऊक असते. या एका क्षणी वस्तू कायमची विद्रूप होण्याचा संभव असतो. त्याहून वाईट म्हणजे, ती विद्रूप न झाली तरी मिळणारे उत्तर चुकीचे असू शकते.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी प्रथम जेड म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. जेड हे एका खनिजाचे नाव नव्हे. शतकानुशतके एकाच नावाने ओळखले गेलेले दगड वस्तुतः दोन वेगळ्या खनिजांचे आहेत, हे फ्रेंच रसायनज्ञ अलेक्सिस दामूर यांनी १८६३ मध्ये दाखवून दिले. त्यांपैकी नेफ्राइट हे कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह यांचे सिलिकेट असून जेडाइट हे सोडियम व ॲल्युमिनियम यांचे सिलिकेट आहे. मोगल दरबारातील पेले, खंजिरांच्या मुठी आणि हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातील प्रसिद्ध जेडवस्तू नेफ्राइटच्या आहेत. मोगलांचा हा पांढरट दगड मुख्यतः मध्य आशियातील खोतानच्या बाजूने येई. याउलट, पाचूशी स्पर्धा करणारा झळझळीत हिरवा जेडाइट मुख्यतः ब्रह्मदेशाच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, काचिन प्रदेशातून येतो. रंगूनची बांगडी खरी असेल, तर ती बहुधा जेडाइटची असावयास हवी.

या दोन्ही खनिजांचा विशेष गुण म्हणजे चिवटपणा. कठिनता आणि चिवटपणा यांत नेहमी गल्लत केली जाते. हिरा सर्वांत कठीण आहे, पण हातोडीच्या घावाने तो फुटतो. नेफ्राइटची कठिनता ६ ते ६.५ एवढीच असली, तरी त्याचे सूक्ष्म तंतू लोकरीच्या नमद्याप्रमाणे एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे तो सहसा तुटत नाही. अश्मयुगीन माणसाने त्याच्या कुऱ्हाडी केल्या, त्या याच गुणामुळे. जेडाइटची कठिनता ६.५ ते ७ असते.

आता चाकूकडे वळू. साध्या पोलादाची कठिनता सुमारे ५.५ असते. सर्पेंटाइन हा तेलकट छटेचा हिरवा दगड बाजारात ‘नवा जेड’ म्हणून खपविला जातो. त्याच्या बहुतेक प्रकारांवर चाकूचा ओरखडा उठतो. संगजिऱ्याच्या कोरीव मूर्तीवर तर नखही उमटते. म्हणजे चाकू या दोघांना बाजूला काढतो. परंतु ‘इंडियन जेड’ या नावाने विकला जाणारा ॲव्हेंट्युरीन हा गारगोटीच्याच जातीचा दगड असून त्याची कठिनता ७ आहे. तो चाकूच्या परीक्षेत खऱ्या जेडइतकाच सहज उत्तीर्ण होतो. अशा हिरव्या दगडाचे साठे कर्नाटकात दूर नाहीत. चित्रदुर्ग जिल्ह्यातील घट्टीहोसहळ्ळी येथील क्वॉर्ट्झाइट हा खडक फुक्साइट नावाच्या क्रोमियमयुक्त अभ्रकामुळे हिरवा झालेला आहे. ॲव्हेंट्युरीनचा हिरवा रंगही याच अभ्रकाचा. मात्र साधे भिंग लावले की अभ्रकाच्या चकत्या चमचमताना दिसतात. काचेत हवेचे बुडबुडे आढळतात, आणि रंगविलेल्या दगडात रंग भेगांमध्ये साचलेला दिसतो. म्हणून पहिले साधन चाकू नव्हे, भिंग होय.

दुसरे साधन तराजू. वस्तू प्रथम हवेत तोलावी. नंतर बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला वा काठाला लागू न देता पुन्हा तोलावी. हवेतील वजनाला पाण्यात घटलेल्या वजनाने भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते. समजा, बांगडी हवेत ३३.४ ग्रॅम भरली. ती जेडाइटची असेल तर पाण्यात तिचे वजन सुमारे १० ग्रॅमने घटेल, कारण जेडाइटचे विशिष्ट गुरुत्व सुमारे ३.३४ आहे. नेफ्राइटचे ते सुमारे २.९५ असल्याने घट ११.३ ग्रॅम होईल, ॲव्हेंट्युरीनचे २.६५ असल्याने घट १२.६ ग्रॅमवर जाईल. वस्तूला बुडबुडे चिकटलेले नसावेत आणि ती सोन्यात जडविलेली नसावी, एवढे पथ्य पाळले तर ही परीक्षा वस्तूला यत्किंचितही इजा करीत नाही.

येथेच समाधान मानावे, असे कोणालाही वाटेल. परंतु दख्खनच्या काळ्या पत्थराने एक पेच निर्माण करून ठेवला आहे. मुंबईच्या मालाड-कांदिवली भागातील खाणींत या बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये प्रेहनाइट नावाचे फिकट हिरवे खनिज सापडले आहे. त्याची कठिनता ६ ते ६.५, विशिष्ट गुरुत्व २.८ ते २.९५ आणि वक्रीभवनांक सुमारे १.६१ ते १.६४ असतो. नेफ्राइटचे आकडे जवळजवळ हेच. चाकू, तराजू आणि वक्रीभवनमापक ही तिन्ही साधने येथे फसू शकतात.

या पेचातून सोडविणारी पद्धत बंगळुरूकरांना तरी परकी वाटू नये. प्रकाशाचा किरण पदार्थावर पडून विखुरला, की त्यातील अत्यल्प भागाची तरंगलांबी बदलते, आणि हा बदल त्या पदार्थातील अणूंच्या कंपनांवर अवलंबून असतो, हा शोध चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये कलकत्त्यास लावला. १९३३ मध्ये ते बंगळुरूस आले आणि १९४८ मध्ये त्यांनी येथे आपली संशोधन संस्था स्थापिली. खनिजे आणि रत्ने जमविण्याचा त्यांना छंद होता. तो संग्रह त्या संस्थेत आजही आहे. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी परीक्षा आज रत्नांच्या प्रयोगशाळांत नित्याची झाली आहे. वर्णपटातील एक ठळक रेषा नेफ्राइटमध्ये ६७३ प्रति सेंटिमीटरच्या आसपास, तर जेडाइटमध्ये ७०० च्या आसपास उमटते. प्रेहनाइटचा वर्णपट दोहोंहून निराळा असतो. दगड फोडावा लागत नाही, खरवडावा लागत नाही.

या परीक्षेचा आणखी एक उपयोग आहे. अस्सल जेडाइट आम्लात बुडवून त्याचे डाग काढतात आणि पोकळ झालेल्या दगडात कृत्रिम राळ भरतात. खनिज खरेच असते. त्याचे रूप मात्र बनविलेले असते, आणि कालांतराने ती राळ पिवळी पडू शकते. तराजूला हा फरक बहुधा कळत नाही. रामन वर्णपटात किंवा अवरक्त किरणांच्या परीक्षेत राळेच्या रेषा उघड होतात. तेव्हा ‘हा जेड आहे काय?’ या प्रश्नाला ‘आणि त्यावर कोणती प्रक्रिया झाली आहे?’ हा दुसरा प्रश्न जोडलाच पाहिजे.

यावरून पारखीचा नियम स्पष्ट होतो. ‘हा जेड नव्हे’ असे सांगण्यास एकच विरोधी पुरावा पुरतो. ‘हा जेड आहे’ असे सांगण्यास अनेक पुरावे एकमेकांशी जुळावे लागतात.

शेवटी त्या बांगडीविषयी. तपासणीअंती ती ॲव्हेंट्युरीनची ठरली, तर मुलींच्या वाटणीतील आकडा बदलेल, हे खरे. पण दगड खोटा ठरत नाही. त्याला दिलेले नाव तेवढे चुकलेले असते. बेलूर-हळेबीडची शिल्पे ज्या मऊ दगडात कोरली गेली, त्याला जेडचा भाव कधीच नव्हता. पारख्याचे कर्तव्य इतकेच, की दगडाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारावी, आणि तसे करताना त्यावर एक ओरखडाही उठू देऊ नये.